नवरा-बायकोपैकी एकाला स्की जास्त चांगलं येत असेल, तर सेंट हेलेन्स ज्वालामुखी जोडीनं चढून स्कीवरून उतरावं का?

उतरावं. पण ज्याला स्की जास्त चांगलं येतं त्याच्याच हातात सगळे निर्णय देऊ नका. स्की उत्तम येणं वेगळं आणि डोंगरावर सोबत करता येणं वेगळं. माझ्या नवऱ्याला हे मी चार वर्षं सांगते आहे.

आम्ही अमेरिकेत, या ज्वालामुखीपासून जवळच्या पोर्टलंडला राहतो. तो इकडे माझ्या आधी आला, स्की तेव्हाच शिकला. मी नाशिकची, बर्फ पाहिला तोच तिशीत. मे महिन्यात, मदर्स डेच्या रविवारी आम्ही डोंगराच्या दक्षिणेकडच्या, वर्म फ्लोज नावाच्या वाटेनं गेलो. त्या दिवशी तिथे बायकाच काय, पुरुषसुद्धा झगे घालून चढतात. मीही आईच्या जुन्या पातळाचा शिवलेला झगा कपड्यांवरून चढवला होता. मार्बल माउंटनच्या पार्किंगपासून माथ्यापर्यंत जवळजवळ १,७०० मीटरची चढण. पहाटे चारला निघालो. तो पुढे, मी मागे, आणि दर थोड्या वेळानं वरून हाक, "अगं, आवर ना!"

सव्वादहाला माथ्यावर पोचलो. १८ मे १९८० च्या उद्रेकात या डोंगराचा वरचा सुमारे ४०० मीटरचा भाग गेला, त्यामुळे दक्षिणेची चढण संपते ती थेट विवराच्या तोंडाशी. तिथे बर्फाची कड खालच्या पोकळीवर पुढे आलेली असते. वरून ती पक्की जमीनच वाटते. आम्ही तिच्यापासून चांगलेच मागे थांबलो. त्या बाबतीत आमचं कधी दुमत नव्हतं.

दुमत झालं उतरण्यावरून. रात्री आकाश निरभ्र होतं, बर्फ कडक गोठलेला. मी काठी मारून पाहिली. टक् आवाज आला, टोक आत शिरेना. म्हटलं, तासभर बसू, ऊन लागू दे. तो म्हणाला, "वारा बघ किती आहे. मी गारठलोय. हळू हळू उतरू." मी पुन्हा सांगितलं. त्यानं बूट आवळले आणि निघाला.

तिसऱ्या वळणाला त्याच्या स्कीची कड सुटली. मी वरून बघत होते. पाठीवर पडला, फिरला, आणि कपडा दगडावर घासावा तसा आवाज करत साठेक मीटर घसरत गेला. उतार जरा सौम्य झाला म्हणून थांबला. एक काठी वरच राहिली, बाही कोपरापासून फाटली, तळहात सोलवटला. मी स्की पाठीला बांधल्या, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणाऱ्या टोकदार दातांचे सांगाडे) चढवले आणि आइस अ‍ॅक्स (बर्फासाठीची छोटी कुऱ्हाड) रोवत एकेक पाऊल त्याच्यापर्यंत उतरले. वीस मिनिटं लागली. वाटेत त्याची काठीही उचलली.

मग खडकाच्या आडोशाला बसलो. पावणेबाराला मी काठी पुन्हा मारून पाहिली, दोन बोटं आत गेली. वरचा थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, खाली मात्र घट्ट. असा बर्फ मिळाला की माझ्यासारखीलाही वळणं जमतात. झाडांच्या वरचा तो अख्खा उतार आम्ही एका दमात उतरलो. इतकं सुंदर मी आयुष्यात फार थोडं अनुभवलंय.

म्हणून म्हणते, मे महिन्यात माथ्यावर लवकर पोचण्यात काही मोठेपणा नाही. त्या दिवशी माझा वेगच बरोबर होता. उतरायची वेळ कोण सांगणार हे गाडीतच ठरवा, आणि दोघांपैकी जो जास्त घाबरतो त्यानं सांगावी.

आता उलट बाजूही सांगायला हवी. फार थांबलात तर बर्फात पाय घोट्याच्या वर रुततात आणि ओला थर सुटून खाली येऊ शकतो. ढग असतील तर बर्फ कधी कधी दिवसभर मऊ होतच नाही. तेव्हा स्की पाठीवर घेऊन क्रॅम्पॉनवर चालत उतरा, लाजू नका. उताराचा कोन, हेल्मेट, परवाना हे तुम्ही पाहिलंच असेल. आणि दोघांपैकी एकाला आइस अ‍ॅक्सनं घसरण रोखता येत नसेल, तर माझं उत्तर "उतरावं" नाही. आधी ते शिका.

नवरा हे वाचून म्हणेल, वारा होता म्हणून निघालो. वारा होताच. पण वाऱ्यानंच बर्फ उशिरापर्यंत कडक राहतो, आणि हे मी त्याला तिथेच, तो बूट आवळत असताना सांगितलं होतं.