बांधून पूर्ण झालेला अणुवीज प्रकल्प एखाद्या देशाने सुरूच केला नाही, असं झालंय का?

हो, ऑस्ट्रियात. डॅन्यूब नदीकाठी त्स्वेन्टेन्डोर्फ इथला प्रकल्प बांधून तयार होता. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत झालं आणि सुमारे ५०.५ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. फरक जेमतेम ३० हजार मतांचा! अणुभट्टी कधीच पेटली नाही.

ऊर्जाधोरणाचे अभ्यासक या प्रकरणाकडे वारंवार वळतात, कारण इथे निर्णय फक्त खर्च आणि मेगावॉट यांवर झाला नाही. चॅन्सलर (सरकारप्रमुख) ब्रुनो क्राइस्की यांनी सार्वमतात 'नको' जिंकल्यास राजीनाम्याचे संकेत दिले होते. त्यामुळे अणुवीजेला हरकत नसलेल्या, पण विरोधी पक्षांच्या बाजूच्या काही मतदारांनीही त्यांना खाली खेचायला 'नको'वर शिक्का मारला, असं मानलं जातं. (राजीनामा आला नाहीच. १९७९ मध्ये ते स्पष्ट बहुमताने पुन्हा निवडून आले.) पश्चिमेच्या फोरार्लबर्ग प्रांतात तर विरोध प्रचंड होता.

म्हणून अशा संशोधनात नुसते वीजनिर्मितीचे आकडे पाहून भागत नाही. प्रांतवार मतदान, संसदेतल्या चर्चा, मंत्रालयांची जुनी कागदपत्रं हे सगळं एकत्र वाचावं लागतं. आणि एक गोष्ट माझ्या मते आवर्जून तपासावी: नकारानंतर वीज आली कुठून? त्स्वेन्टेन्डोर्फजवळच ड्यूर्नरोर इथे कोळशावरचा प्रकल्प उभा राहिला.