पहाटेची घाई आणि फाट्यावरची बस

नोकरी सांभाळून मुलीला तालुक्याच्या शाळेत पाठवणार असाल, तर निम्मे काम आदल्या रात्रीच उरकावे. दप्तर भरून ठेवावे आणि वीज असतानाच गणवेशाला इस्त्री करून घ्यावी, कारण पहाटे ती असेलच याचा आपल्याकडे भरवसा नाही. मुलगी पाचवी ते बारावीत असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पासाचे कागद त्याआधीच जमवावेत. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की सारे वेळापत्रक कोलमडते. परतताना ऊन डोक्यावर असते, म्हणून दुपट्टा दप्तरातच असावा. फाट्यावर मात्र वेळेआधीच उभे राहावे. हात दाखवला म्हणून भरलेली बस थांबतेच असे नाही.