चित्रवर्णनात रंग कधी सांगायचा?

अंध आणि इतर वाचकांना ऐकवायच्या पाठ्यपुस्तकांसाठी तुम्ही लिहिलेली चित्रांची पहिली वर्णनं वाचली. मेहनत दिसते, पण रंगांची नुसती खैरात झाली आहे. शास्त्रज्ञाच्या फोटोत शर्ट आकाशी होता की राखाडी, याने धड्यात काही फरक पडत नाही, सरळ गाळा.

रंग हाच मजकूर असेल तिथे मात्र हात आखडू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा घ्या. त्यात तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या), निळं पाणी, हिरवी वनस्पती, पिवळी शेती, लाल वस्ती. ‘नकाशात विविध रंग आहेत’ या वाक्याचा उपयोग शून्य. आधी सूची सांगा, मग लिहा: ‘वायव्येला तपकिरी रेषा दाटीने, म्हणजे तीव्र उतार, निळी नदी तिथून आग्नेयेला जाते.’ लिटमसचंही तेच. निळा कागद आम्लात लाल झाला, हे दोन्ही रंगांसकट आलंच पाहिजे.

जन्मांधांना रंग कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. हिरवा चुडा, भगवा झेंडा त्यांच्याही बोलण्यात असतो की! शिवाय आपले सगळे वाचक अंध नसतात. अंशतः दृष्टी किंवा डिस्लेक्सिया (अक्षरं वाचताना येणारी अडचण) असलेले वाचक चित्र बघत ऐकतात. ‘लाल बाण’ म्हटलं की त्यांना तो सापडतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांसाठी जागाही जोडा: ‘डावीकडचा लाल बाण’.

लाल रंगासाठी निखाऱ्याची धग वगैरे काव्य नको. मोरपंखी, डाळिंबी पैठणीच्या फोटोला शोभतं. आलेखात ‘निळी रेघ’ पुरे. फोटो कृष्णधवल असेल तर तेवढंच सांगा, साडीच्या रंगाचा अंदाज बांधत बसू नका.