चित्रावर बोट ठेवलं, म्हणजे ऐकू आलं का?

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. दोन वर्षांपासून दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन आहे. तपासणीत आलेख चांगला आला, शब्द ऐकून चित्रावर बोट ठेवायच्या चाचणीत २० पैकी १३ बरोबर. पण मी चुलीपाशी पाठमोरी बसून काही बोलले तर तिला उमगत नाही. चाचणी खरी मानू की माझा अनुभव?
– एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमचा अनुभव आधी धरा. आवाज कानापर्यंत पोचतो का, एवढंच आलेख सांगतो. बोललेलं कळतं का, ते शब्दांनीच मोजावं लागतं.

आता ते १३. समोर चार-चार चित्रं असतील तर नुसत्या अंदाजानंही २० पैकी पाचेक जमतात. शब्द सांगणाऱ्याचे ओठ दिसत होते का? दिसत असतील तर मुलं डोळ्यांनी 'ऐकतात'. आणि चित्रं तिच्या ओळखीची होती का? धुळ्यात माझ्याकडे ऐकण्याच्या तपासणीला आलेला रावेरकडचा एक मुलगा 'फणस' तीनदा चुकला. ऐकणं कमी, असं मी लिहून टाकलं. मागून त्याच्या आजीनं सांगितलं, यानं फणस पाहिलेलाच नाही. 'केळी' म्हटल्याबरोबर त्याचं बोट गेलं. ती नोंद मला अजून सलते. तेव्हापासून चित्रं आधी मुलाकडून ओळखून घेते, मगच ओठ दिसू न देता शब्द सांगते.

घरी रोज सकाळी सहा आवाज तपासा : आ, ऊ, ई, म, श, स. तिच्या मागे हातभर अंतरावर बसा. ऐकू आलं की तिनं वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. क्रम बदला, मध्येच गप्प राहा, नाहीतर ती ताल पकडते. पुढे दोन मीटरवरून करा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. तोंडावर हात धरू नका, हातानं श-स दबतात.

हे दोन बारीक आवाज बऱ्याच मुलांचे निसटतात. तुमच्या घरात अहिराणी असेल तर 'काय शे', 'कोठे शे' (शे म्हणजे आहे) दिवसभर चालतं, आणि तिला त्यातला 'शे' नीट पोचतच नसेल. काल आलेला 'स' आज आला नाही तर आधी मशीनचा सेल बघा, कानात बसणाऱ्या साच्यात मळ आहे का, नळीत पाणी साचलंय का ते बघा. सर्दीनंही फरक पडतो. साचा सैल होऊन शिटी वाजत असेल तर नवा करून घ्या. कान वाढतो तसा तो बदलावाच लागतो.

पुढच्या वेळी ओठ दिसू न देता, हळू आवाजात आणि मागे गोंगाट ठेवून, अशी शब्दांची चाचणी मागा. सकाळच्या नोंदींची वही सोबत न्या.