वारीचे फोटो, लग्नाच्या ऑर्डरी आणि तुझे प्रश्न

प्रिय मुली,

तू पाठवलेले वारीचे सगळे फोटो पाहिले. एका बैठकीत नाही. चारशेच्या वर फोटो एका बैठकीत कोणाच्यानेच पाहवत नाहीत. एवढे पाठवलेस याचा अर्थ निवड माझ्यावर सोडून दिलीस, आणि आपल्या धंद्यात निवड हेच खरं काम असतं. क्लिक काय, हल्ली फोनही झकास करतो.

आणि ते 'आदरणीय सर' पुढच्या वेळी नको. काका म्हण, नाहीतर नुसतं नावाने हाक मार.

आता फोटोंबद्दल. दिवे घाटाची वळणं टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावून घेतलीस, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी घेतलीस, रिंगणातल्या अश्वाच्या टापा घेतल्यास. काटेवाडीला मेंढ्यांच्या रिंगणाची धूळ तर छानच आली आहे. एक्स्पोजरमध्ये खोट काढायला जागा नाही. पण हे फोटो दर आषाढात पेपरच्या पहिल्या पानावर असतात. ते काढणारे लोक घाटातली मोक्याची जागा पहाटेच धरून बसतात, आणि त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा मोठी लेन्स असते. त्या शर्यतीत तू कशाला उतरतेस?

मी थांबलो तो एका वेगळ्याच फोटोवर. दिंडीचा ट्रक उभा आहे, मागचं फाळकं उघडं आहे. तिथे एक बाई बसली आहे आणि तिच्यासमोर एका एक्स्टेन्शन बोर्डाला दहा-बारा फोन चार्जिंगला लावलेत. प्रत्येक फोनवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे, चिठ्ठीवर नाव. बाईच्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी आहे आणि डोळे फोनांवर. फोटो तिरका आहे, ट्यूबलाइटचा हिरवा रंग सगळीकडे सांडलाय, वरच्या कोपऱ्यात कोणाचा तरी हात अर्धा कापला गेलाय. तरी मी तिथेच रेंगाळलो, कारण हा फोटो मी आधी कुठे पाहिलेला नव्हता. तू तो एकदाच काढलास आणि पुढे निघून गेलीस. अश्वाच्या टापांचे मात्र सलग चाळीस.

ही बाई कोण? कोणत्या गावची? दिंडी कितवी, रथापुढची की रथामागची? तुझ्या फाइलमध्ये यातलं काहीच नाही, नुसता कॅमेऱ्याने दिलेला नंबर आहे. कॅप्शन लिहायचा कंटाळा करू नकोस. कोण, कुठे, केव्हा, काय करत होतं, एवढं त्याच रात्री फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबतच साठवल्या जाणाऱ्या माहितीत, भरून टाकायचं. सहा महिन्यांनी आठवत नाही, आणि कॅप्शन नसलेला फोटो कुठलाही चांगला फोटो एडिटर घेत नाही. शिवाय नाव विचारायला माणसाशी बोलावं लागतं. बोललीस की ती दिंडी पुढच्या मुक्कामी कुठे उतरणार आहे ते कळतं, स्वयंपाकाला रात्री किती वाजता उठतात ते कळतं, मग तू तिथे असतेस. पुढच्या वर्षी घाट सोड आणि त्या एका ट्रकाबरोबर राहा. वारी संपल्यावर त्यांच्या गावी जा. काढलेले फोटो छापून त्यांना नेऊन दे, आणि तो नेम मोडू नकोस.

ही काही माझी अक्कल नाही. सुधारक ओलवे मुंबईत वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. नोकरी चालू असतानाच त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, कृष्णधवल, आणि त्या विषयाकडे ते परत परत जात राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा एखादा फोटो कोणीही काढेल. त्या माणसाने तुम्हाला घरात घेणं, तुम्ही कोपऱ्यात बसला आहात हे त्याच्या घरच्यांनी विसरून जाणं, ही गोष्ट चार चकरांत होत नाही. दयानिता सिंग यांचंही तसंच. अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकत असताना त्यांनी झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला घेतले आणि सहा हिवाळे त्या गवय्या-वादकांबरोबर हिंडल्या. पुढे २०२२ मध्ये त्यांना फोटोग्राफीचा मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. रघू राय १९८४ ला भोपाळला होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. वायुकांडानंतर बऱ्याच वर्षांनी, बाकीचे कॅमेरे केव्हाच निघून गेल्यावर, ते पुन्हा तिथे जाऊन त्याच दुखण्याचे फोटो काढत होते, हे फार जणांना माहीत नसतं.

तू 'स्वतःची स्टाइल' कशी सापडेल असं विचारलंस. मला विचारशील तर त्या शब्दाचा नादच सोड. इन्स्टावरचा तपकिरी-नारिंगी प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर चढणारा तयार रंग, म्हणजे स्टाइल नव्हे. तो उद्या बदलतो आणि तुझे गेल्या वर्षीचे सगळे फोटो एकदम जुने दिसायला लागतात. वर्षभराच्या कामातून दर महिन्याला वीस फोटो वेगळे काढ, साध्या पोस्टकार्ड साइजमध्ये छाप, जमिनीवर मांड आणि आठवडाभर येता-जाता बघ. जो फोटो तिसऱ्या दिवशी कंटाळवाणा वाटेल तो उचलून ठेव. उरतील त्यांत काहीतरी सारखं असेल. तू किती जवळून उभी राहतेस, उजेड कुठल्या बाजूने घेतेस, माणसांचे हात तुला चेहऱ्यापेक्षा जास्त आवडतात का. तुझ्या बाबतीत हातांचं खरं असावं असं मला वाटतं, पण ते तू तपास. स्क्रीनवर हे कळत नाही, अंगठा फार लवकर पुढे सरकतो.

नोकरी सोडू का, हा तुझा सर्वांत मोठा प्रश्न. नको, इतक्यात नको. गौतम राजाध्यक्ष म्हटलं की लोकांना नट-नट्यांचे चेहरे आठवतात. पण ते १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले, १९८० च्या सुमारास शबाना आझमींसारख्यांचे फोटो काढू लागले, आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ या कामात आले ते १९८७ साली. मधली वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? जाहिरातीत एका फोटोमागे किती माणसं राबतात, क्लायंटला काय हवं असतं आणि तो बोलतो काय, हे त्यांनी पगार घेऊन पाहिलं. तुझी आयटीतली नोकरी फोटोग्राफीची नाही, मान्य. पण तिच्यामुळे तुला नको त्या ऑर्डरला 'नाही' म्हणता येतं. निव्वळ कॅमेऱ्यावर घर चालवणाऱ्याला पहिली काही वर्षं ही चैन परवडत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि ओळखीबाहेरच्या, म्हणजे मावशीच्या शेजारणीच्या नव्हे, अनोळखी लोकांच्या ऑर्डरी यायला लागल्या की मग आपण पुन्हा बोलू.

तोवर शनिवार-रविवार कोणाच्या तरी हाताखाली काम कर. लग्नांना नाक मुरडू नकोस. तुझ्या पत्रात 'फक्त लग्नं करणारे' असा शब्दप्रयोग आहे, तो मला लागला (हसून लिहितोय, पण लागला). मंगल कार्यालयात जो उजेड हाताळतो त्याला पुढे कसलीच भीती राहत नाही. मागे एलईडीची भिंत, वर स्टेजचे जांभळे पार लाइट, व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत, आणि नवरीच्या शालूवर या सगळ्याचं भांडण. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, नाहीतर त्या लाइटच्या लपलपीने फोटोत पट्टे येतात. पण उजेडाहूनही मोठी गोष्ट म्हणजे पुढे काय होणार ते आधी ठाऊक असणं. मंगलाष्टकं चालू असताना नवखा पोरगा अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढत कार्यालयभर फिरतो. जुना माणूस कान गुरुजींकडे ठेवतो. 'तदेव लग्नं' कानावर पडलं की तो अंतरपाटाच्या रेषेत गुडघ्यावर बसलेला असतो, कारण आता अंतरपाट खाली येणार आणि दोघं एकमेकांना बघणार, आणि हे पुन्हा करून दाखवा असं सांगता येत नाही. वधूची आई त्या क्षणी कुठे उभी असते तेही बघून ठेव. बहुतेक वेळा ती खांबाआड असते आणि तिचा फोटो कोणीच काढलेला नसतो.

हीच सवय तुला त्या ट्रकापाशी उपयोगी पडेल.

कॅमेऱ्याचं थोडक्यात उरकतो. आहे तो बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पुरे. सेकंडहँड ५० एमएम १.८ लेन्स घे, मुंबईत बोरा बझारला हात फिरवून, बुरशी आहे का ते उजेडात धरून बघ. लग्नाची ऑर्डर घ्यायची तर दोन मेमरी कार्डांचा बॉडी भाड्याने आण, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरले पाहिजेत. घरी आल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी आणि एक प्रत घराबाहेर. हे झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही झोप आली तरी.

पैशांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण कोणी सांगत नाही. रेट ठरवताना तू फक्त शूटचा दिवस धरतेस. फोटो निवडणं, रंग सुधारणं, अल्बमची डिझाइन, पार्टीने तीनदा सांगितलेले बदल, प्रवास, सेकंड शूटर (जोडीचा फोटोग्राफर), लेन्सची झीज, हे सगळं कागदावर मांड आणि मग आकडा सांग. आकडा सांगितला की गप्प बस. पुढचं वाक्य त्यांना बोलू दे. तारीख अॅडव्हान्स आल्यावरच पक्की, सख्ख्या चुलत भावाची असली तरी.

कंपन्यांचं काम करायला लागलीस की 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी कर, फुकट असते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे देणाऱ्याने लेखी कराराने मुदत ठरवली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. भांडायला जाण्याची वेळ क्वचित येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापलेली असली की बिल बऱ्याचदा आपोआप वरच्या गठ्ठ्यात जातं.

आणि हक्क. होमाई व्यारावाला यांच्यासारखी बाई, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेली, पुढे दिल्लीत नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो काढलेली. तिचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत असत. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, तोवर त्यांना हे काम सोडून चाळीस वर्षं झाली होती. आज नाव असं जात नाही, पण दुसऱ्या वाटेने जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं आहे की कोणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणून काम घेण्याआधी, ईमेलवर का होईना, लिहून घे: फोटो कशासाठी वापरणार, किती काळ, कुठे. हक्क द्यायचेच झाले तर तेही लेखी. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. हक्क देऊन टाकले तरी 'हा फोटो माझा' असं म्हणायचा अधिकार कलम ५७ मुळे तुझ्याकडेच राहतो. स्पर्धांचे नियमही असेच वाच. प्रवेशिका पाठवली की फोटो कायमचा आयोजकांचा, असं बारीक अक्षरात लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

यावरून तुझा तो शेवटचा प्रश्न, कोकणातल्या होमस्टेवाल्यांचा. चार दिवस राहणं-जेवण फुकट आणि त्याबदल्यात त्यांच्या वेबसाइटसाठी फोटो. राहणं-जेवणसुद्धा मोबदलाच आहे, तेव्हा वरचं कलम लागू होतंच. जावंसं वाटत असेल तर जा, ऑफ सीझनला त्यांच्या खोल्या रिकाम्याच असतात, त्यांचं काही जात नाही. पण फोटो पंचवीस, वापर त्यांची वेबसाइट आणि सोशल मीडिया, मुदत दोन वर्षं, फोटोखाली तुझं नाव, आणि बाकीचे सगळे हक्क तुझे, एवढं आधी लिहून पाठव. 'अहो, घरचंच आहे, लिहायचं कशाला' असं उत्तर आलं तर जाऊ नकोस. 'बरं, चालेल' असं आलं तर मला फॉरवर्ड कर, दोन ओळी मी नीट करून देतो. शनिवारी मात्र फोन करू नकोस. मुहूर्त सकाळी दहाचा आहे आणि मी साताऱ्याला ऑर्डरवर असेन.

तुझा
काका