वाचकांचे प्रश्न : नळ कोरडा, मीटर मात्र फिरतो

प्रश्न : आमच्या शहरातला पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे चालवायला दिलाय. नळाला पाणी यायच्या आधीच मीटर गरगर फिरतो आणि बिल वाढतं. काय करावं?

उत्तर : ती हवा असते. पाणी ठरावीक तासच सोडलं की रिकाम्या पाइपात हवा भरते. पाणी आलं की ती पुढे रेटली जाते आणि मीटर तीही मोजतो. पाणी सुटण्याआधी आणि पहिली धार लागताच, दोन्ही वेळा आकड्याचा फोटो काढा. आठवडाभर रोज. मग धार स्थिर झाली की २० लिटरची बादली दहा वेळा भरा : मीटर ०.२ युनिटच्या आसपास पुढे सरकायला हवा (एक युनिट म्हणजे १००० लिटर). सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद असतानाही, पाणी चालू असताना डायलवरची चांदणी फिरत राहिली, तर गळती तुमच्याच घरात आहे.

नोंदींसह अर्ज पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात द्या आणि पोच घ्याच. कंपनीकडे बोट दाखवतील. ऐकू नका, कंत्राट दिलं म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही. मुख्य वाहिनीवर एअर व्हॉल्व्ह (पाइपातली हवा बाहेर सोडणारी झडप) मागा. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अनधिकृत झोपड्यांतल्या रहिवाशांसाठीही तो मान्य केला.