३०० एमबीपीएसचं नेट घेऊनही गेममध्ये पिंग का उसळतो?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात फायबर कनेक्शन आहे, प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसचा केला, स्पीड टेस्टमध्ये २८०-२९० दिसतातही. तरी व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये दुपारी २५ असलेला पिंग संध्याकाळी १५० पर्यंत उड्या मारतो आणि भिंतीआड गेल्यावरही गोळी लागते. मग आता ५०० चा प्लॅन घ्यावा का?

घेऊ नका. मी एका इंटरनेट पुरवठादाराकडे नेटवर्कचं काम करतो आणि ही तक्रार आमच्याकडे सतत येते. माणूस पिंगला वैतागतो, कुणीतरी त्याला मोठा प्लॅन सुचवतं, तो घेतो, आणि पहिल्याच संध्याकाळी पुन्हा तेच. तुमचे पैसे वाचावेत असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती डेटा येऊ-जाऊ शकतो. पिंग म्हणजे तुमच्याकडून निघालेलं डेटाचं छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, सर्व्हरला (गेम चालवणाऱ्या कंपनीच्या मशीनला) पोचून त्याचं उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळताना नकाशा, बंदुका, आवाज हे सगळं तुमच्या मशीनवरच असतं. नेटवरून जाते ती फक्त ‘मी इथे आहे, इकडे बघतोय, गोळी झाडली’ एवढीच माहिती. सेकंदाला अनेक पॅकेट जातात, पण ती इतकी लहान असतात की सगळी मिळून बहुतेक वेळा १ एमबीपीएससुद्धा भरत नाही. उरलेल्या २९९ शी गेमला देणंघेणं नाही. मोठा स्पीड कामाला येतो तो नवा गेम किंवा अपडेट उतरवताना, किंवा क्लाउड गेमिंगमध्ये, कारण तिथे अख्खं चित्रच व्हिडिओसारखं येतं.

पिंगचा पाया ठरतो अंतरावर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद धरा. तुमचा जवळचा गेम सर्व्हर मुंबईत. कोल्हापूर ते मुंबई केबलचा रस्ता ४०० किलोमीटर मानला तर प्रकाशाचे ४ मिलिसेकंद. बाकीचे मधले राउटर, वळणावळणाचा मार्ग आणि सर्व्हरचं स्वतःचं काम यात जातात. म्हणून दुपारचा २५ हा चांगला आकडा आहे. सिंगापूर मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटर, तिथल्या सर्व्हरवर ३९ च्या खाली कुणीच जाऊ शकत नाही आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. न्यू जर्सीतल्या मावसभावाबरोबर तिकडच्या सर्व्हरवर खेळायचं तर सरळ रेषेतलं अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १२५ तर कायमचे. हे कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही. वाढू मात्र शकतं: सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा युरोपकडची बरीच वाहतूक लांबच्या मार्गाने वळवावी लागली. मॅच सुरू होण्याआधी कुठला सर्व्हर निवडलाय ते बघत जा. ग्रुपमध्ये कुणी परदेशातलं असेल तर मुंबईऐवजी दुसराच सर्व्हर मिळू शकतो.

पण तुमचं दुखणं अंतराचं नाही. दुपारी आणि संध्याकाळी मुंबई तेवढ्याच अंतरावर असते. २५ चे १५० होतात याचा अर्थ तुमची पॅकेट कुठेतरी रांगेत उभी राहतायत. ही रांग लागण्याच्या मुख्य जागा तीन, आणि माझ्या अनुभवात पहिली जागा बहुतेक वेळा घरातच सापडते.

संध्याकाळी सगळे घरी येतात. फोन वायफायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढवायला लागतात. कुणाचा व्हिडिओ कॉल चालू असतो, गेटवरचा सीसीटीव्ही कॅमेरा चित्रण पाठवत असतो. हे सगळं अपलोड आहे, आणि प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा पुष्कळदा फक्त डाउनलोडचा असतो. स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा एकदा नीट बघा. समजा तो २० एमबीपीएस आहे आणि राउटरच्या बफरमध्ये (पॅकेट तात्पुरती थांबायची जागा) ५०० केबी डेटा साठलाय. म्हणजे ४० लाख बिट. २० एमबीपीएसने ते बाहेर पडायला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागतात. तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे, टोलनाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या दुचाकीसारखं थांबतं. डाउनलोडचा प्लॅन ३०० वरून ५०० झाला तरी ही रांग तशीच राहते.

रांग आपोआप का कमी होत नाही? फाइल पाठवताना वेग ठरवणारी ‘टीसीपी’ ही यंत्रणा. टीसीपी पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतं. गळालं की त्याला कळतं, आता गर्दी झाली. पण उपकरणं बनवणाऱ्यांनी पॅकेट गळू नयेत म्हणून भलेमोठे बफर घातले. मग ना पॅकेट गळतं, ना टीसीपी हळू होतं, रांग भरलेलीच राहते. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या कनेक्शनवर हे शोधून काढलं आणि त्याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे ती बघते. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण यामुळे नवी केबल न टाकता, नवा प्लॅन न घेता कनेक्शन सुधारतं. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ हा पर्याय (अशाच पद्धतीने रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर सुरू करा आणि मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला, म्हणजे रांग तुमच्या ताब्यातल्या राउटरमध्येच राहील. कंपनीने दिलेल्या डब्यात बहुधा हा पर्याय नसतो, ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरमध्ये मिळतो. स्वस्त राउटरचा प्रोसेसर ३०० एमबीपीएसला धापा टाकतो, तेव्हा आधी फक्त अपलोडवर मर्यादा लावून बघा. तेही जमत नसेल तर फोनचं फोटो बॅकअप रात्री उशिरा चालेल असं करा.

दुसरी जागा वायफाय. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी वीस-पंचवीस राउटर त्या तिघांवरच भांडत असतात. हवेत धडक झाली की पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं आणि पिंग उसळतो. ५ गिगाहर्ट्झ बरं, पण भिंतींपुढे ते लवकर दमतं. गेम खेळणाऱ्या मशीनला लॅन केबल लावा. ‘गेमिंग राउटर’वर हजारो रुपये घालण्याआधी काहीशे रुपयांची कॅट ६ केबल घ्या.

तिसरी जागा पुरवठादाराकडे. साध्या जीपॉन फायबरवर (एकच तंतू अनेक घरांत वाटायची पद्धत) एका मुख्य तंतूचे सुमारे २.५ जीबीपीएस अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. तिथे किंवा पुढच्या लिंकवर संध्याकाळी गर्दी झाली तर तुम्ही घरात काहीही करा, फरक पडणार नाही.

आता भिंतीआडच्या मरणाबद्दल. १९९६ च्या क्वेकवर्ल्ड या गेमपासून ऑनलाइन नेमबाजीचे गेम सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमची हालचाल लगेच स्क्रीनवर दाखवतात. तुम्ही बटण दाबून भिंतीआड गेलात, स्क्रीनवर सुरक्षित दिसलात, पण ती खबर सर्व्हरला अजून पोचलेली नसते. वर सर्व्हर गोळी मारणाऱ्याला न्याय म्हणून थोडं मागे जाऊन बघतो, त्याने ट्रिगर दाबला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही कुठे होतात. तिथे तुम्ही उघड्यावर असाल तर गोळी लागली. स्थिर पिंग असेल तर गेम हा हिशेब बऱ्यापैकी सांभाळून घेतो. २५ वरून १५० वर उडी मारणाऱ्या पिंगला मात्र त्याच्याकडे इलाज नाही. म्हणून उसळणाऱ्या २५ पेक्षा मला कायम ६० राहणारा पिंग जास्त चालतो.

आज संध्याकाळी त्रास सुरू झाला की एवढं करा. कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरलाच पिंग करा, अनेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. केबलवर इथे १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. वायफायवर हाच आकडा ४०-५० ला जात असेल तर दोष हवेतला आहे. राउटर ठीक असेल तर बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग करा, एकदा घरातले सगळे फोन वायफायवरून काढून आणि एकदा मुद्दाम मोठा व्हिडिओ अपलोड करत. अपलोड सुरू होताच आकडा चढला तर बफरची रांग. सगळं बंद असतानाही संध्याकाळी चढलेलाच राहिला तर पुरवठादार. ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या टप्प्यांवरून जातं ते दाखवणारी कमांड) चालवलात आणि मधल्याच एखाद्या टप्प्यावर मोठा आकडा दिसला, पण पुढचे टप्पे कमी दाखवत असतील, तर घाबरू नका. तो राउटर उत्तर द्यायला आळस करतोय, पॅकेट अडवत नाहीये. जिथून आकडा वाढतो आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहतो, ती जागा महत्त्वाची.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. लगेच स्पीड टेस्ट चालवायला लावतील, २८० येतील आणि तक्रार बंद होईल. लॅन केबलवर, घरातलं सगळं बंद ठेवून, दुपारी आणि रात्री नऊला घेतलेले पिंगचे आकडे वेळेसकट पाठवा आणि ‘संध्याकाळी लेटन्सी (म्हणजे पिंग) वाढते, लिंकवर गर्दी आहे का ते बघा’ असं स्पष्ट लिहा. दोन-तीनदा सांगूनही हललं नाही तर तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची फायबर येते का याची चौकशी करा. कंपनी बदलायची झाली तर तिथेही १०० चाच प्लॅन घ्या.